अतिकने शोधलेलं इंजिन

तन्वीरचा धाकटा भाऊ अतिक मे महिन्यातल्या एका दुपारी गॅरेजमध्येच गेला. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उतरवता उतरवता "भाई, जरा बसतो," असं म्हणाला, माठाजवळच्या बाकड्यावर टेकला आणि तसाच एका अंगावर कलंडला. भोकरदनच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तन्वीर रडला नाही. त्याने खांदा दिला, कबरीत तीन मुठी माती टाकली, आल्या-गेल्यांना बसायला सतरंज्या टाकल्या, कुणाला चहा मिळाला कुणाला नाही ते पाहिलं. लोक म्हणाले, तन्वीरभाईंनी मोठा धीर धरला. त्याला मात्र ठाऊक होतं, हा धीर नव्हे. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, मग गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं त्याचं झालं होतं. अम्मा, म्हणजे सरदारबी, छाती पिटून रडत होती आणि तो तिच्या हाताकडे पाहत होता. बांगडी कुठे लागेल का, एवढंच त्याच्या मनात आलं.

गॅरेज त्यांच्या वडिलांचं, ख्वाजामियाँचं. भोकरदनहून जालन्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून पुढे शेड, मागे घर, मधे एक दरवाजा. ट्रॅक्टर, मळणी यंत्रं, पाण्याचे पंप, जुन्या जीपगाड्या, हे तिथलं रोजचं काम. ख्वाजामियाँ गेल्यावर दोघं भाऊ ते चालवत होते. गिऱ्हाईक यायचं ते अतिकसाठी. तो बोलायचा, हसवायचा, "हो जाएगा" म्हणायचा. मग ते होण्यासाठी तन्वीर खाली वाकून राबायचा. कुणाला नाही म्हणणं अतिकला जमायचंच नाही. परसात पत्र्याखाली उभी असलेली मोटार अशाच एका 'हो'मुळे तिथे आली होती.

प्लायमाउथ, १९५२ची. वामनराव नावाच्या वकिलांनी ती तरुणपणी हैदराबादहून आणली होती. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा त्यांनी मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून गाडीत डिझेलचं बसवलं. त्या काळात सगळेच तसं करत. काढलेलं इंजिन आसपासच्या कुठल्याशा गावच्या शेतकऱ्याने विहिरीवर पाणी ओढायला नेलं; त्याचं नाव-गाव पुढे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मग वकीलसाहेब थकले आणि मुलीकडे, गंधालीकडे, संभाजीनगरला राहायला गेले. गाडी भोकरदनला कुलपात राहिली. गंधाली बँकेत अधिकारी. दोन वर्षांपूर्वी एक दिवस ती गॅरेजमध्ये आली आणि म्हणाली, "बाबांना ती गाडी पुन्हा चालताना बघायचीय. आणि डिझेलवर नाही. तिच्या स्वतःच्या इंजिनावर."

तन्वीर म्हणाला, "मॅडम, इतक्या वर्षांनी ते इंजिन कुठं असणार?"

अतिक म्हणाला, "मिळून जाईल, ताई."

जुन्या आरसी बुकावर मूळ इंजिनाचा नंबर होता, पी-२३ने सुरू होणारा. त्या सालच्या प्लायमाउथच्या इंजिनांची तीच खूण. असाच नंबर इंजिनाच्या अंगावरही ठोकलेला असतो. डाव्या बाजूला, डायनमोच्या वर आणि हेडच्या खाली, बोटभर रुंदीची एक सपाट जागा असते, तिथे. पुस्तकातला आणि अंगावरचा नंबर जुळला की इंजिन त्याच गाडीचं.

अतिक कामातून वेळ काढून हिंडायचा. धावडा, पारध, पार अजिंठ्यापर्यंत. आणि यंदा जानेवारीत तो टेम्पोत घालून एक इंजिन घेऊन आला. ताडपत्रीखाली झाकलेलं. "सापडलं, भाई, धावड्याला!" म्हणून त्याने रस्त्यावरूनच हाळी दिली. तिथूनच गंधालीला फोन लावला, मग वकीलसाहेबांना फोनवर घेऊन पुन्हा ओरडून सांगितलं, "साहेब, सापडलं तुमचं इंजिन!" म्हातारबांना ऐकू कमी यायचं. ते पलीकडून तितक्याच मोठ्याने म्हणाले, "शाबास, बेटा!"

ते इंजिन अतिकने एकट्याने उघडलं. "यह मेरा काम है," म्हणाला. तन्वीर ट्रॅक्टरमध्ये गुंतलेला होता, त्याने लक्ष घातलं नाही.

अतिकच्या मागे ते इंजिन स्टँडवर राहिलं. अर्धं जुळवलेलं, वरून चंदेरी रंग दिलेलं.

गॅरेज पुन्हा उघडून काही दिवस झाल्यावर गंधालीचा फोन आला. आधी ती अतिकबद्दल बोलली, मग म्हणाली, "घाई अजिबात नाही, तन्वीरभाई. फक्त बाबांचा एक हट्ट आहे. त्यांना तो नंबर डोळ्यांनी बघायचाय. तुम्ही पेन्सिलने छाप काढून पाठवाल का? आरटीओत काढतात तशी."

"काढतो," तन्वीर म्हणाला.

छाप काढायची तर रंग काढायला हवा. त्याने थिनरचा फडका फिरवला, मग बारीक कागदाने घासलं. नंबर वर आला. आरसी बुकातलाच, एकही आकडा इकडचा तिकडे नाही. त्याने त्यावर कागद धरला, पेन्सिल आडवी घासली. कागदावर आकडे उमटले तेव्हा तीनच्या आकड्याकडे त्याचं लक्ष गेलं. तीनचं खालचं टोक तुटकं होतं.

तो तीन त्याच्या ओळखीचा होता. ख्वाजामियाँच्या काळापासून गॅरेजमध्ये आकडे ठोकायच्या पंचांचा एक संच होता. उघडलेल्या पंपांची झाकणं अदलाबदल होऊ नयेत म्हणून त्यांवर ते खुणा ठोकत. त्यातल्या तीनचं टोक त्याच्या लहानपणीच उडालेलं होतं.

तन्वीरने बॅटरी आणली आणि सपाट जागा तिरप्या उजेडात पाहिली. कारखान्यातून आलेल्या जागेवर यंत्राच्या बारीक सरळ रेघा असतात. इथे ग्राइंडरच्या गोल रेघा होत्या. कुणीतरी मूळचा नंबर घासून काढून त्यावर नवा ठोकला होता. मग त्याने ब्लॉकच्या खालच्या अंगावरची काजळी खरवडली. ब्लॉक ओततानाच त्यावर तारखेचे आकडे उठवलेले असतात. ते धातूचाच भाग असतात, पुन्हा ठोकता येत नाहीत. तिथे छप्पन साल होतं. बावन्नच्या गाडीत छप्पनचं इंजिन असू शकत नाही. हे बहुतेक फार्गो ट्रकचं होतं. त्या ट्रकची आणि प्लायमाउथची इंजिनं दिसायला बहिणी-बहिणींसारखी.

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. राग यायला हवा, असं त्याला वाटलं. तो थोडा वेळ वाट पाहत उभा राहिला. राग आला नाही. बाहेर कुणीतरी पंप घेऊन आलं होतं, तो तिकडे गेला.

गंधालीला त्याने छाप पाठवली नाही. रविवारी मोटारसायकल काढली आणि धावड्याला गेला. वकीलसाहेबांचं इंजिन नेणाऱ्या शेतकऱ्याचं घर त्याने विचारत विचारत शोधलं. तो शेतकरी केव्हाच वारला होता. त्याची सून नंदाबाई, पासष्टीची, घरापुढे काठीने गोधड्या झोडपत होती.

"कोण गॅरेजवाले? अतिकभाऊचे भाऊ का तुम्ही?" ती म्हणाली. "बसा की. ते न्हाई आले?"

"वारला तो. मे महिन्यात."

नंदाबाईच्या हातातली काठी खाली आली. "काय सांगून राह्यले! इतका बोलका माणूस. माझ्या हातचा चहा पिऊन गेल्ता, दोन डाव."

तन्वीरने विचारलं, "तो इथं कशाला आल्ता?"

"तुमचं ते इंजिन बघायला. चला, दाखवते."

विहीर घरामागे होती. आता तिच्यावर वीजपंप होता. बाजूला कपडे धुवायच्या दगडाजवळ, अर्धं मातीत गेलेलं, एक इंजिन पडलेलं होतं. हेड नव्हतं, पिस्टन नव्हते, नुसता ब्लॉक. वरच्या कडेपासून खालपर्यंत एक चीर गेलेली, दोन सिलिंडर फोडून गेलेली.

"सासऱ्यानं रॉकेलवर चालवलं लई वर्सं," नंदाबाई म्हणाली. "मंग एका उन्हाळ्यात विहिरीत पाणी कमी झालं. इंजिन लई तापलं. ते घाबरले आन् बादलीभर गार पाणी वतलं वरून. असं फाडकन वाजलं! म्हंटलं बाँबच फुटला. तवापासून हे असंच."

तन्वीर खाली बसला. डाव्या बाजूची माती त्याने हाताने उकरली. सपाट जागा आधीच कुणीतरी साफ केलेली होती, तिथे गंज कमी होता. नंबर दिसत होता. पी-२३, आणि पुढचे सगळे आकडे. बारीक, एकसारखे, कारखान्याचे. तीन अखंड होता. खाली सरळ रेघा होत्या.

"तुमच्या भावानं पण असंच उकरलं," नंदाबाई म्हणाली. "आधी नाचायलाच लागले. मंग ती चीर दिसली त्यांना. मंग बसले हितंच. म्या हाक मारली जेवायला, तर म्हणे, मावशी, आता मी त्या म्हाताऱ्याला काय सांगू? ऊन उतरेपर्यंत बसून होते. जाताना म्हणले, हे कुणाला देऊ नका, मी नेईन नंतर."

म्हणजे इंजिन त्याला खरंच सापडलं होतं. सापडलं ते मेलेलं होतं, एवढंच. मग त्याने बहुधा जालन्याच्या भंगारातून ट्रकचं इंजिन उचललं आणि त्याच्या अंगावर हा नंबर चढवला. तन्वीरला सगळं समजलं. समजलेलं डोक्यात राहिलं, खाली उतरलं नाही. नंदाबाईने चहा दिला, तो त्याने प्याला. पुढच्या आठवड्यात टेम्पो आणून त्याने तो फुटका ब्लॉक उचलून नेला. जाताना नंदाबाई म्हणाली, "आता धुनं ठेवायला दुसरं काय तरी बघावं लागंल," आणि पदराने डोळे पुसले.

गंधाली गॅरेजमध्ये आली तेव्हा त्याने दोन्ही इंजिनं शेजारी ठेवलेली होती. काही प्रस्तावना न करता त्याने तिला दोन्ही नंबर दाखवले, तुटका तीन दाखवला, छप्पन साल दाखवलं. चीर दाखवली. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे अतिकभाईंनी केलं?"

"हो."

"बाबा तर खरं धरून बसलेत. ते रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, माझ्या गाडीचं इंजिन सापडलं." तिचा आवाज चढला. "मला नाही म्हणाले असते तर काय झालं असतं? मी काय खाणार होते त्यांना?" मग तो उतरला. "मेलेल्या माणसावर धड रागावताही येत नाही."

"मला पण न्हाई येत," तन्वीर म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं."

"हो."

"मग का सांगितलं?"

तन्वीरने विचार करून पाहिला. "माहीत न्हाई, मॅडम."

ती फुटक्या ब्लॉकपाशी वाकली. जोडता येईल का, असं तिने विचारलं. चीर सिलिंडरमधून गेलीय, जोडलं तरी टिकणार नाही, असं तो म्हणाला. शेवटी तिने ठरवलं. ट्रकचंच इंजिन बसवायचं, पण त्यावरचा खोटा नंबर काढून टाकायचा. आरटीओत जे खरं आहे ते सांगायचं आणि ते देतील तो नंबर घ्यायचा. बाबांना ती स्वतः सांगेल.

"नंबर मी घासून टाकतो," तन्वीर म्हणाला. "पण थोडे दिवस थांबावं लागंल. घरात विचारतो आधी."

घरात म्हणजे अलमासला. अतिकची बायको इद्दतीत, नवऱ्यामागच्या चार महिने दहा दिवसांच्या दुखवट्यात होती, त्या काळात ती घराबाहेर येत नव्हती आणि तन्वीरसमोरही नाही. त्याने अम्माला सांगितलं, अम्माने पडद्याआड जाऊन तिला सांगितलं. तन्वीर अंगणात उभा होता. अलमास स्वतःच पडद्याआडून म्हणाली, "भाईजान, मेरेकू देखने का है. उसके बाद जो करना है, करो."

म्हणून तो थांबला. पावसाळा गेला. सोयाबीन निघालं, मळणी यंत्रं दुरुस्तीला येऊ लागली. ट्रकचं इंजिन त्याने खोलून तपासलं. आत कुठे काही लपवलंय का, हेच त्याला बघायचं होतं. आत सगळं चोख होतं. व्हॉल्व्ह नीट घासून बसवलेले, बेअरिंगं नवी, प्रत्येक नट हवा तेवढाच ताणलेला. अतिकने जुळवलेल्या भागात तन्वीरला काहीही बदलावं लागलं नाही. राहिलेलं जोडून त्याने ते पुन्हा बंद केलं.

इद्दत संपली त्या आठवड्यात एका सकाळी मधला दरवाजा उघडला. अलमास गॅरेजमध्ये कधी येत नसे. मागे कशफ होती, तिची बारावीतली मुलगी. तन्वीरने इंजिनावरचं फडकं बाजूला केलं आणि दूर सरकला.

अलमासने ओढणीचं टोक दातात धरलं आणि नंबरावरून बोट फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"यह उन्होंने लिखा?"

"हाँ. ठोका है."

"सीधा है एकदम," ती म्हणाली. "घरात भिंतीवर खिळा मारायचे तो वाकडाच जायचा."

कशफने मोबाइल काढला आणि फोटो घेतला. तिने आईकडे पाहिलं, आईने मान हलवली. मग अलमास म्हणाली, "पोंछ दो, भाईजान." आणि दोघी आत गेल्या. दरवाजा मात्र त्यांनी लावला नाही.

तन्वीरने ग्राइंडर लावला. ठिणग्या त्याच्या मनगटावर पडत होत्या. तीन आधी गेला, कारण तो उथळ होता. मग बाकीचे. ते काम काही मिनिटांचंच होतं. संपल्यावर त्याने हात फिरवून पाहिला, जागा गुळगुळीत आणि गरम लागली. भावाने केलेली शेवटची गोष्ट आपण घासून टाकली, हे वाक्य त्याच्या मनात आलं. ते दुसऱ्या कुणीतरी म्हटल्यासारखं ऐकू आलं आणि गेलं.

दिवाळीनंतर गाडी तयार झाली. गंधाली वडिलांना घेऊन आली. वामनराव काठी टेकत टेकत परसात आले. गाडीकडे नंतर पाहू म्हणाले, आधी तो ब्लॉक दाखवा. ते निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, तन्वीरशी बोलताना मधेच त्या भाषेत शिरत. फुटक्या ब्लॉकसमोर त्यांना खुर्ची दिली. ते वाकले, नंबर वाचायचा प्रयत्न केला, वाचता येईना. तन्वीरने एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला.

"बराबर," म्हातारबा म्हणाले. "यही है." मग थोड्या वेळाने, "मी एका सकाळी विकून मोकळा झालो होतो याला. तुमचा भाऊ दोन वर्षं शोधत हिंडला."

"साहेब, त्यानं तुम्हाला खोटं सांगितलं," तन्वीर म्हणाला.

"सापडलं म्हणाला. सापडलं तर होतंच." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "बाकीचं सांगायला हवं होतं. त्याची हिंमत झाली नसेल. मी फोनवर शाबास शाबास करत ओरडत होतो."

या बोलण्याने बरं वाटायला हवं, हेही तन्वीरला कळत होतं.

मग गाडी सुरू केली. तन्वीर चालवायला, शेजारी वकीलसाहेब, मागे गंधाली. जालना रस्त्याने ते बरेच पुढे जाऊन आले. इंजिन एका लयीत चाललं. वामनरावांना आवाज ऐकू येत नव्हता, त्यांनी तळहात डॅशबोर्डवर ठेवला होता आणि डोळे मिटले होते. कापसाच्या गाड्या आडव्या आल्या तेव्हा त्यांनी स्वतः हात लांबवून हॉर्न वाजवला. गंधाली मागून हसली, मग तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

परत आल्यावर गंधालीने ड्रायव्हर आणला होता तो गाडी घेऊन गेला. फुटका ब्लॉक वकीलसाहेबांनी मागून घेतला. तो टेम्पोत चढवला. धूळ खाली बसली.

तन्वीर हात धुवायला मागे गेला. मधल्या दरवाजापाशी अलमास उभी होती, ओढणी पुढे ओढून.

"गयी गाडी?"

"गयी."

"चली कैसी?"

"अच्छी चली." तो नळाखाली हात धरून उभा होता. पाणी वाहत राहिलं, आणि तो पुढे बोलू लागला, एरवी तो इतकं बोलत नसे. "इंजिन मैंने खोला था, अलमास. आत एक गोष्ट चुकीची न्हवती. व्हॉल्व्ह असे बसवले होते की अब्बांनाही जमले नसते. नुसता नंबर खोटा होता. बाकी सब उसने सच्चा किया था."

आत अम्माने अलमासला हाक मारली, ती गेली. तन्वीरने नळ बंद केला आणि ओल्या हाताने पायरीवर बसला. शेडच्या पुढे कुणीतरी ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवून बोलावत होतं. तो उठला, पण लगेच नाही.